परतीचे दोर

यंदा माझ्या भाच्याची शाळा संपली. निकाल लागला त्या दिवशी त्याला ज्यांचे ज्यांचे फोन आले, त्या सर्वांनी अभिनंदनाला जोडूनच 'मग आता पुढे काय?' असे विचारले आणि गंमत अशी की विचारणाऱ्या प्रत्येकाजवळ त्याचे उत्तरही तयार होते. रात्री उशिरा त्याने मला फोन केला. "मावशी, काय घ्यायचं ते सगळे सांगतायत," तो म्हणाला, "पण घेतल्यावर नाही जमलं तर काय करायचं, ते कुणीच सांगत नाही." त्यानंतरचा दीड महिना आम्ही दोघांनी त्याच्या या एका प्रश्नामागे घालवला. अभ्यासक्रमांची माहिती कुठेही मिळते, म्हणून ती मी इथे देत नाही; त्या दीड महिन्यात जे हाती लागले तेवढेच लिहिते.

मराठीत 'परतीचे दोर कापून टाकणे' असा वाक्प्रचार आहे आणि आपण तो नेहमी कौतुकाने वापरतो. पण तो रणांगणावरचा आहे. गड चढून झाल्यावर, समोर शत्रू उभा असताना दोर कापण्याला अर्थ असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र गड कोणता, तो कुठे आहे आणि त्यावर आपले काय काम आहे हे कळण्याच्या आधीच आपण दोर कापायला बसतो, आणि वर त्यालाच निर्धार म्हणतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. मला शाळेत गुण बरे होते, आणि बरे गुण मिळाले की ते 'वाया जाऊ नयेत' अशी काळजी घरात सुरू होते. जणू गुण म्हणजे मुदतीच्या आत खर्चून टाकायची रक्कमच. त्या काळजीपोटी मी विज्ञान शाखा घेतली, तिच्याच ओघात अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश घेतला आणि दोन वर्षांनी ते शिक्षण सोडले. विषय अवघड होते म्हणून सोडले असे सांगितले की लोकांना पटते, पण खरे कारण वेगळे होते. मला हाताने उघडून पाहता येईल, बिघडवता येईल आणि पुन्हा जुळवता येईल असे काही त्या दोन वर्षांत माझ्यासमोर क्वचितच आले. पुढे एक वर्ष मी घरी बसून काढले आणि मग इन्स्ट्रुमेंटेशनच्या पदविकेला गेले. मापन-उपकरणांची दुरुस्ती आणि अंशशोधन, म्हणजे ती अचूक मोजतात का ते तपासणे, हे काम मी आज पंधराहून अधिक वर्षे करत आहे आणि त्यात मी रमले आहे. तेव्हा निवड चुकली याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. पदवीची दोन वर्षे पदविकेत काहीच धरली गेली नाहीत, पहिल्या सत्रातले गणित मी दुसऱ्यांदा पहिल्यापासून शिकले, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटीच बाहेर पडले असते तर नुकसान निम्मे झाले असते, हे मला सगळे संपल्यावर समजले. प्रवेश घेताना विचारता येण्याजोगा हा प्रश्न होता. मी तो विचारला नव्हता आणि मला कोणी विचारायला सांगितलेही नव्हते.

भाच्याबरोबर बसलो तेव्हा पहिला अडथळा आला तो कट-ऑफचा. त्याने केलेली यादी गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने होती. सर्वात वर ज्याचा कट-ऑफ सर्वाधिक ते, त्याखाली त्याहून कमी, असे करत यादी त्याच्या गुणांपाशी येऊन थांबली होती. मी त्याला विचारले की हा आकडा नेमके काय मोजतो, तर तो म्हणाला, "कॉलेज किती चांगलं आहे ते." कट-ऑफ म्हणजे त्या ठिकाणी सर्वात शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असले की तो चढतो, जागा वाढल्या की उतरतो. शिकवणारे तेच असतात, प्रयोगशाळाही तीच असते. रांग किती लांब होती हे त्यावरून कळते, पण रांगेच्या टोकाला काय मिळते ते कळत नाही. चांगल्या संस्थांबाहेर रांगा लागतात हे खरेच आहे, म्हणून हा आकडा अगदी निरर्थक नाही. परंतु दोन वेगळ्या विषयांची तुलना कट-ऑफवरून करणे म्हणजे दोन दवाखान्यांबाहेरची गर्दी पाहून आपल्याला कोणता आजार आहे ते ठरवण्यासारखे आहे.

ती यादी बाजूला ठेवल्यावर उरला तो मूळ प्रश्न, की याला कशात रस आहे. या प्रश्नाला शास्त्रीय रूप देण्याचा प्रयत्न शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. त्यांची मांडणी अगदी साधी होती: आधी स्वतःला ओळखा, मग कामे ओळखा आणि शेवटी या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. पुढे जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये माणसांच्या आवडींचे आणि कामाच्या वातावरणांचे प्रकार पाडून त्यांची सांगड घातली. पुढे त्यांचे सहा प्रकार रूढ झाले आणि आजच्या बऱ्याच कलचाचण्या त्यांवरच उभ्या आहेत. भाच्याने अशी एक चाचणी दिली. निकाल आला की त्याचा ओढा वस्तू हाताळण्याच्या आणि शोध घेण्याच्या कामांकडे आहे. हे चूक नव्हते, पण ते त्याच्या आईला तो सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होते. पार्सन्स यांच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवर आपण प्रश्नावल्या भरतो आणि तिसरीवर सल्ले देतो. मधली पायरी मात्र, म्हणजे काम प्रत्यक्ष कसे असते ते पाहणे, जवळजवळ सगळेच गाळतात.

स्वित्झर्लंडमध्ये ही मधली पायरी शालेय जीवनाचाच भाग आहे. तिथले सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी सक्तीचे शिक्षण संपल्यावर व्यवसायशिक्षणाकडे वळतात आणि त्याआधी 'श्नुपरलेअर' नावाचा प्रकार करतात. या शब्दातल्या पहिल्या भागाचा अर्थ 'हुंगणे' असा आहे. विद्यार्थी एखाद्या कामाच्या ठिकाणी काही दिवस जातो, तिथे चाललेले पाहतो, थोडेफार करतो, आणि आपण इथे शिकाऊ उमेदवार म्हणून यावे की नाही याचा अंदाज घेतो. तिकडे मालकही त्याचा अंदाज घेत असतो. मला हा शब्द फार आवडला. हुंगण्यात बांधिलकी नसते, आणि तरी आत काय आहे ते बऱ्यापैकी कळते.

आमच्या भागात अशी सोय नाही. म्हणून मी माझ्या ओळखीच्या एका रेफ्रिजरेशन आणि वातानुकूलनाचे काम करणाऱ्या गृहस्थांना विचारले, आणि भाचा चार दिवस त्यांच्याबरोबर गेला. चौथ्या दिवशी तो जे सांगत होता ते मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळले नसते. गळती शोधण्यासाठी नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब भरायचा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहत बसायचे, हे त्याला अतिशय आवडले होते. "मावशी, तो बुडबुडा दिसला ना, की एकदम सुटल्यासारखं वाटतं," असे तो म्हणाला, तेव्हा हे वाक्य मला ओळखीचे वाटले. उपकरणातला दोष सापडतो त्या क्षणी मलाही तसेच वाटते. पण दिवसातला अर्धा वेळ गच्चीवर उन्हात जातो, उरलेल्यापैकी बराचसा ग्राहकांची समजूत घालण्यात जातो आणि तांब्याच्या नळीचा सांधा ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेला धातू सांध्यात भरून, नीट बसायला हात तयार व्हावा लागतो, हेही त्याला तिथेच समजले. उन्हाची त्याला फिकीर नव्हती. ग्राहकांशी बोलण्याची मात्र होती. माझ्या मते ही माहिती सोळाव्या वर्षी मिळणे आणि एकविसाव्या वर्षी मिळणे यांत पाच वर्षांचा फरक आहे.

ज्यांच्या ओळखीचे असे कोणी नसेल त्यांनी निदान इतके तरी करावे, की त्या क्षेत्रात तीन-चार वर्षे काम केलेल्या व्यक्तीला गाठून 'काल दिवसभर काय केले' एवढेच विचारावे. क्षेत्र कसे आहे असे विचारले की भाषण मिळते, आणि कालचा दिवस विचारला की काम कळते. वीस वर्षे काम केलेल्या माणसाचा सध्याचा दिवस हा नवशिक्याचा दिवस नसतो, म्हणून मी तीन-चार वर्षे म्हणते. माझा स्वतःचा दिवसही आता अर्धा कागदांत जातो.

यानंतर आम्ही आलो दोरांकडे. प्रत्येक पर्यायापुढे भाच्याने तीन गोष्टी लिहायच्या असे ठरले: हे घेतल्यावर कोणते मार्ग बंद होतात, ते पुन्हा उघडायचे झाल्यास काय करावे लागते, आणि त्याला किती वेळ लागतो. हे लिहिताना लगेच लक्षात येते की सगळे मार्ग दोन्ही बाजूंनी सारखे रुंद नसतात. गणित आणि विज्ञान घेतलेला विद्यार्थी पुढे वाणिज्य, कायदा, भाषा किंवा कलाविषयांकडे तुलनेने सहज जातो. ज्याने गणित सोडले त्याला ते विषय लागणाऱ्या क्षेत्रात परतणे कितीतरी अवघड जाते. 'सायन्स घेऊन ठेव, मग बघू' या सल्ल्यामागे हेच गणित आहे, आणि ते पूर्णपणे खोटे नाही. त्यात एवढीच खोट आहे की 'ठेवण्या'ची किंमत कोणी धरत नाही. मनाविरुद्ध घेतलेल्या विषयांत दोन वर्षे काढली, गुण घसरले, आत्मविश्वास घसरला, की कागदावर उघडा असलेला मार्ग प्रत्यक्षात बंद होतो, कारण पुढचे प्रवेश त्या घसरलेल्या गुणांवरच होणार असतात.

व्यवसायशिक्षणाविषयीची सर्वात मोठी भीतीही दोरांचीच आहे. एकदा हाताच्या कामाकडे गेले की उच्च शिक्षण कायमचे संपले, असे मानले जाते. माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, हेच म्हणत होती आणि तिला केवळ लोकलज्जेची काळजी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिच्या कार्यालयात पदविकाधारकांची बढती ठरावीक पायरीवर थांबते, हे ती रोज पाहते. तिचा प्रश्न होता की याला चाळिशीत वर जायचे असले तर शिडी आहे का. या प्रश्नाचे उत्तर देशागणिक वेगळे आहे आणि ते शोधून काढावे लागते. फिनलंडमध्ये उच्च माध्यमिक स्तरावरची व्यावसायिक पात्रता मिळवलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठासाठी अर्ज करण्याची पात्रता आपोआप मिळते. स्वित्झर्लंडने १९९०च्या दशकात शिकाऊ उमेदवारीला जोडून व्यावसायिक मॅच्युरिटीची परीक्षा सुरू केली, आणि ती दिलेल्यांना उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत जाता येते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवी आणि शिकाऊ उमेदवारी एकत्र करता येते. भारतात आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड पूर्ण केलेल्यांना अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची तरतूद आहे. म्हणजे शिडी बहुतेक ठिकाणी आहे. तिच्या पायऱ्या किती अरुंद आहेत, थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा किती असतात, आणि पदविकेत शिकलेले गणित पदवीच्या वर्गात पुरते का, हे मात्र त्या वाटेने गेलेल्या दोघा-चौघांना विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या वर्गातून जे पुढे पदवीला गेले, त्यांतल्या बहुतेकांनी पहिले सत्र गणिताशी झगडण्यातच घालवले होते, हे मी ताईला सांगितले. चांगले तेवढेच सांगून तिची समजूत काढायची नाही, असे मी ठरवलेच होते.

याउलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पदवी अर्धवट सोडली तर हातात काय राहते? इंग्लंडमध्ये एका वर्षाचे १२० क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची मोजणी करणारे एकक, पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला उच्च शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि २४० क्रेडिटनंतर पदविका मिळू शकते. संपूर्ण ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते. युरोपातील बऱ्याच देशांत वर्षाला ६० क्रेडिट अशी सामायिक मोजणी आहे. भारतातही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशी रचना मांडली, आणि २०२१ मध्ये मिळवलेले क्रेडिट साठवून ठेवण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. धोरणात लिहिलेले आणि आपण प्रवेश घेणार त्या संस्थेत चालणारे यांत अंतर असू शकते. म्हणून कार्यालयात जाऊन, 'पहिल्या वर्षानंतर सोडले तर मला कोणता कागद मिळेल आणि तो दुसरीकडे कुठे धरला जाईल,' हे स्पष्ट विचारावे. हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, कारण प्रवेशाच्या दारातच सोडण्याची भाषा अशुभ वाटते. भाच्यालाही तसेच वाटले. एका ठिकाणी तर समोरच्या कर्मचाऱ्याने त्याला 'शिकायचं नसेल तर आलास कशाला' असे ऐकवले. दुसरीकडे एका बाईंनी नियमपुस्तिका काढून पान दाखवले. या दोन वागणुकींवरून त्या दोन संस्थांविषयी आम्हाला जेवढे कळले, तेवढे त्यांच्या संकेतस्थळांवरून कळले नव्हते.

जर्मनीतल्या व्यवस्थेत हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही, कारण उत्तर कायद्यातच आहे. तिथला शिकाऊ उमेदवार आस्थापनेशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस तिथे काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यावसायिक शाळेत जातो. प्रशिक्षण साधारणपणे दोन ते साडेतीन वर्षांचे असते आणि त्या काळात त्याला विद्यावेतन मिळते. या कराराला किमान एक आणि कमाल चार महिन्यांचा चाचणीकाळ असतो. त्या मुदतीत दोघांपैकी कोणीही कारण न देता करार संपवू शकतो. पहिल्या चार महिन्यांत मुलाचे मत बदलणे ही तिथे घरावर आलेली आपत्ती नसून कराराचे एक कलम आहे.

काही दोर मात्र आपण हातात घेण्याआधीच कापलेले असतात, आणि ते आधी तपासणे शहाणपणाचे. रंगांधत्व हे त्याचे ठळक उदाहरण आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांपैकी एकाला लाल-हिरव्या रंगांतला फरक ओळखण्यात अडचण येते. इतर वंशांत हे प्रमाण कमी असले तरी ते नगण्य नाही, आणि स्त्रियांमध्ये ते सगळीकडेच फार कमी आहे. यांतल्या अनेकांना ही गोष्ट स्वतःलाच ठाऊक नसते. वैमानिक, जहाजावरील डेक अधिकारी, रेल्वेचालक यांच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी पाहिली जाते. ठिपक्यांतून आकडा ओळखायची इशिहारा चाचणी १९१७ पासून वापरात आहे आणि ती करायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. एवढे पाच मिनिटांचे काम प्रवेशाआधी न केल्यामुळे शिक्षण पूर्ण करून शेवटच्या तपासणीत अडकलेला एक तरुण माझ्या पाहण्यात आहे. भाच्याची चाचणी आम्ही करून घेतली. त्याचे रंग ठीक आहेत.

दुसरा आधीच तपासायचा दोर म्हणजे मान्यता. इथे व्यवसायांचे दोन गट मनात वेगळे ठेवले की गोंधळ कमी होतो. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, वकील, वास्तुविशारद अशी काही कामे करण्यासाठी बहुतेक देशांत नोंदवहीत नाव असावे लागते. भारतात औषधनिर्मात्यांसाठी १९४८ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. या गटात अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता नसेल, तर तो कितीही उत्तम शिकवला गेला तरी त्याचा व्यवसायासाठी उपयोग शून्य. दुसऱ्या गटात, उदाहरणार्थ संगणक-प्रणाली लिहिणे, चित्रसंकलन, आरेखन यांत, असा परवाना लागत नाही. तिथे केलेले काम दाखवता येणे हे प्रमाणपत्राइतकेच, पुष्कळदा त्याहूनही अधिक मोलाचे असते. पहिल्या गटात कागद तपासा, दुसऱ्यात शिकवणाऱ्याचे आणि जुन्या विद्यार्थ्यांचे काम तपासा. लोक याच्या नेमके उलट करताना मी पाहते. परदेशात जाण्याचा विचार असेल तर सदस्य देशांत एकमेकांची पात्रता मानण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदव्यांचा १९८९ चा वॉशिंग्टन करार आणि तंत्रज्ञांच्या पात्रतेचा २००२ चा डब्लिन करार आहे, पण तो फार पुढचा प्रश्न आहे.

माहितीपत्रकांतल्या सरासरी पगाराबद्दल मी भाच्याला एक हिशेब करायला लावला. दहा जणांच्या वर्गात नऊ जणांना प्रत्येकी एक वाटा मिळाला आणि एकाला एकवीस, तर सरासरी तीन वाट्यांची येते, आणि त्या वर्गातल्या एकालाही तीन वाटे मिळालेले नसतात. म्हणून सरासरी न विचारता, सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध कोणता येतो, ते विचारावे. आणि हे आकडे संपूर्ण वर्गाचे आहेत की केवळ नोकरी मिळालेल्यांचे, हेही विचारावे. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

अधिक लिहिण्यासारखा विषय आहे पसंतीक्रमाचा, कारण तिथे हुशार माणसेही नको ती हुशारी करतात. केंद्रीय पद्धतीने प्रवेश होतो तेव्हा आपण पसंतीची यादी देतो आणि संगणक जागा वाटतो. या वाटपामागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडले. पुढे ॲल्विन रॉथ यांनी अशा पद्धती प्रत्यक्ष व्यवहारात उतरवण्यावर काम केले आणि शॅप्ली व रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना अशी की प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज आधी त्याच्या पहिल्या पसंतीकडे जातो, पण मिळालेली जागा लगेच पक्की होत नाही. ती तात्पुरती राहते. दुसरीकडे नाकारला गेलेला आणि अधिक गुण असलेला विद्यार्थी नंतर तिथे आला, तर कमी गुणांचा विद्यार्थी पुढच्या पसंतीकडे सरकतो, आणि कोणीही सरकायचे उरत नाही तोवर हे चालते. याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. अशा पद्धतीत अवघड पर्याय सर्वात वर लिहिल्यामुळे खालच्या पर्यायावरचा आपला हक्क रेसभरही कमी होत नाही, म्हणून खरी आवड जशी आहे त्याच क्रमाने लिहिणे हेच हिताचे ठरते. 'पहिलं मिळणार नाही, मग कशाला वाया घालवायचं' असे म्हणून मी माझ्या वेळी खरी पसंती तिसऱ्या क्रमांकावर टाकली होती. मला पहिली मिळाली, जी मला फारशी नको होती.

सर्वच ठिकाणी हे लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. जिथे पहिली पसंती देणाऱ्यांनाच आधी घेतले जाते आणि जागा तिथेच पक्की होते, तिथे खरे लिहिणारा फसू शकतो. बोस्टनच्या सार्वजनिक शाळांत अशीच पद्धत होती आणि ती २००५ मध्ये याच कारणाने बदलली. यादीत ठरावीक संख्येहून अधिक पर्याय लिहिता येत नसतील, तर शेवटी एक-दोन खात्रीचे पर्याय ठेवावेच लागतात. आणि काही पद्धतींत पहिली पसंती मिळूनही ती नाकारली, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. भारतात आयआयटी आणि एनआयटी यांच्या सामायिक प्रवेशात मिळालेली जागा घेऊन थांबायचे, त्याच संस्थेत वरच्या शाखेची वाट पाहायची, की कोणत्याही वरच्या पर्यायासाठी फेरीत राहायचे, यांसाठी फ्रीझ, स्लाइड आणि फ्लोट असे तीन शब्दच आहेत. आपल्या प्रवेशाच्या नियमांत यांपैकी काय आहे हे माहितीपुस्तिकेतून शांतपणे वाचून घ्यावे. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय झाले यावर भरवसा ठेवू नये, कारण नियम वर्षावर्षाला बदलतात.

वर्षभर थांबण्याविषयी भाच्याने एकदा विचारले होते. पुन्हा एक परीक्षा द्यायची, किंवा काही काळ काम करून पाहायचे, असे निश्चित कारण असेल तर थांबण्यात मला काही गैर वाटत नाही. निर्णय होत नाही म्हणून थांबणे वेगळे. माझे घरी बसलेले वर्ष तसे होते आणि त्या वर्षात निर्णय काही आपोआप पिकला नाही. मुक्त विद्यापीठांमुळे नोकरी सांभाळून शिकण्याचा एक दोर हल्ली बहुतेकांच्या हातात असतो. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये आणि भारताचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. मात्र प्रयोगशाळा आणि कार्यशाळा लागणारे विषय या वाटेने शिकणे कठीण असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

शेवटी भाच्याने जी यादी भरली तिच्यात पहिल्या क्रमांकावर इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका आहे, दुसऱ्यावर मेकॅनिकलची, आणि त्याखाली रेफ्रिजरेशनचा ट्रेड आहे. ग्राहकांशी बोलणे टळावे म्हणून त्याने तो खाली ठेवला, असा माझा कयास आहे. पहिला पर्याय माझ्या प्रभावामुळे आला असावा अशी शंका मला आली, म्हणून मी त्याला दोन दिवस माझ्याबरोबर कामावर नेले आणि मुद्दाम सर्वात कंटाळवाणे काम दिले: एकाच दाबमापकाची वाचने पुन्हा पुन्हा घेऊन तक्त्यात लिहिणे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने विचारले की चढत्या दाबाची आणि उतरत्या दाबाची वाचने किंचित वेगळी का येतात. यादीतला क्रम त्याने तसाच ठेवला, आणि मीही पुढे काही बोलले नाही.

ताई अजून पूर्ण राजी नाही. तिने एक अट घातली की थेट दुसऱ्या वर्षाच्या पदवी प्रवेशाचे नियम त्याने स्वतः वाचून तिला समजावून सांगावेत, आणि त्याने ते केले. तिने विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला आली नाहीत. ती आणायला तो पुन्हा कार्यालयात गेला, या वेळी एकटाच. येताना त्याने आणखी एक गोष्ट विचारून घेतली होती. मूळ दाखला आणि गुणपत्रिका जमा केल्यावर प्रवेश रद्द करायचा झाल्यास त्या किती दिवसांत परत मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंत शुल्काचा किती भाग परत होतो, याचा तक्ताच तो लिहून घेऊन आला. त्याच्या टेबलासमोरच्या कॅलेंडरवर आता दोन तारखांभोवती गोल आहेत. निळा गोल प्रवेश निश्चित करण्याच्या शेवटच्या दिवसाभोवती आहे, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी लाल गोल आहे, तो प्रवेश रद्द करण्याच्या शेवटच्या दिवसाभोवती.